कंसातली माणसं

उर्मिला लागोपाठ तीनदा शिंकली, आणि तिसऱ्या शिंकेला मला दत्ताराम गमरे आठवला. त्याला आठवायचं नाही असं मी गेली तीन वर्षं ठरवलं होतं आणि ते बऱ्यापैकी जमलंही होतं. शुक्रवारची दुपार होती, साठ सालच्या एप्रिलची एकोणतीस तारीख. रविवारी महाराष्ट्राचं राज्य होणार म्हणून खाली रस्त्यावर बांबू ठोकत होते, आणि वर परळच्या आमच्या ऑफिसात, यंत्रांच्या खोलीत, मोजणी सलग तिसऱ्या दिवशी चुकली होती. कंपनीच्या तीन गिरण्यांतल्या प्रत्येक कामगाराचा रोजचा एक जाड कागदाचा पत्ता असतो. त्यावर भोकं पाडलेली असतात, आणि यंत्रातले तारांचे बारीक ब्रश ती भोकं चाचपून कोण हजर, कोण गैरहजर ते मोजतात. सकाळी घातलेला गठ्ठा बरोबर यायचा. तोच गठ्ठा दुपारी घातला की वीस-पंचवीस माणसं कमी भरायची. पाळी भरून, घाम गाळून घरी गेलेली माणसं, आणि यंत्र म्हणायचं, ती आलीच नव्हती. "सर, मी मॅन्युअल दोनदा वाचलं," उर्मिला नाक पुसत म्हणाली, "त्यात लिहिलंय तसं सगळं केलं. तुम्ही इतकं बारीकसारीक लिहिलंय, पण हे नाहीये त्यात." ती आमच्याकडे नवी, नुकतीच बी.ए. झालेली. मॅन्युअलवर माझं नाव आहे म्हणजे ते मीच लिहिलं असं ती समजते. कुणीही समजेल. मी उठलो आणि पूर्वेची खिडकी लावली. लावताना लालबागच्या बाजूनं आलेला मिरचीचा खकाणा माझ्याही नाकात गेला. चैत्र-वैशाखात तिथल्या मिरचीच्या गिरण्यांवर वर्षाचा मसाला कुटतात, दुपारी वारा फिरला की ती पूड उडत आमच्या खोलीत येते आणि ब्रशांवर बसते. मग ब्रशाला भोक लागत नाही. "ब्रश काढ, स्पिरिटनं पूस, आणि परत मोज," मी म्हणालो. तिनं मोजलं. सगळी माणसं परत आली. "सर, तुम्हाला कसं कळलं?" "गंगुबाईंनी सांगितलं होतं." "कोण गंगुबाई?" उर्मिलानं विचारलं. मी म्हटलं, गेल्या वर्षापर्यंत झाडायला यायच्या, दुपारी ही खिडकी त्याच लावायच्या.

टेबलावर त्याच मॅन्युअलची छापखान्यातून आलेली प्रुफं पडली होती. सुट्या पानांचा गठ्ठा, वर सुतळी. राज्यं दोन होणार म्हणून कंपनीची यंत्रांची खोलीही दुसरी होणार होती, अहमदाबादला. आजवर टंकलिखित असलेलं मॅन्युअल आता तिथल्या लोकांसाठी छापायचं ठरलं होतं. पहिल्या पानावर इंग्रजीत मोठ्या अक्षरात नाव, खाली 'लेखक: श्यामकांत धैर्यवान'. शनिवारी दुपारपर्यंत सही करून प्रुफं फोर्टच्या मुख्य ऑफिसला पाठवायची होती. सही झाली की पुस्तक, पुस्तकाच्या पाठोपाठ बढती, आणि ती दुसरी खोली उभी करायला माझी नेमणूक. चार दिवस मी ती सही उद्यावर ढकलत होतो आणि स्वतःला सांगत होतो की प्रुफं नीट तपासतोय. आडनाव धैर्यवान आहे माझं. वाडवडिलांपैकी कुणी ते कमावलं कोण जाणे, माझ्यापर्यंत येता येता त्यातलं नुसतं अक्षर उरलं.

दत्ताराम त्रेपन्न साली आमच्याकडे आला तो पत्त्यांची तबकं उचलायला. ऑफिसातले बाकीचे कारकून आम्हाला हसायचे, म्हणायचे, तुमचं बरंय, कामाच्या वेळात दिवसभर पत्ते पिसत बसता. दत्तारामला ते फार आवडायचं. "पिसतो खरे, पण राणी कधी येत नाय," तो म्हणायचा. राहायला काळाचौकीला, शिक्षण रात्रीच्या शाळेत, मॅट्रिकला गणितात पास आणि इंग्रजीत गचका. यंत्राच्या कंपनीचा माणूस सहा महिन्यांतून एकदा यायचा आणि कपाळाला आठ्या घालून इंग्रजीत काहीतरी सांगून जायचा. बाकीचे दिवस यंत्र आणि आम्ही. यंत्राच्या कुशीला तारा खोचायचा एक बोर्ड होता. ज्या भोकातून ज्या भोकात तार जाईल त्याप्रमाणे यंत्र वेगळं काम करायचं. आज गिरणीवार मोजायचं, उद्या खात्यावार, परवा पाळीवार. मी पुस्तक समोर ठेवून तासभर खोचत बसे. दत्ताराम मागे तबक घेऊन उभा असे आणि बघत असे. एके दिवशी हळूच म्हणाला, "साहेब, ती हिरवी तार एक घर खाली घ्या." घेतली आणि जमलं. तिथून पुढे तारा तोच खोचू लागला. मला त्याचा हेवा वाटला का? वाटला. पण त्याहून जास्त आनंद वाटला, हेही खरं आहे. ते दिवस आठवले की अजून त्या खोलीतला तेलाचा आणि गरम कागदाचा वास येतो. माझ्या नोकरीतले तेवढेच दिवस मी ऑफिसला पळत गेलो असेन.

त्याच्याकडे एक लांबट वही होती, काळ्या पुठ्ठ्याची. यंत्र अडलं आणि सुटलं की काय झालं, कसं सुटलं ते तो तिथल्या तिथं उभ्यानं लिहून ठेवायचा. मराठीत, दोन-चार ओळींत. 'बेरीज एकानं कमी आली तर यंत्राला शिव्या देऊ नयेत. शेवटचा पत्ता तबकातच राहिलेला असतो. (गणपतनं दाखवलं.)' हा गणपत म्हणजे रात्रपाळीचा पहारेकरी. 'पावसाळ्यात पत्ते फुगतात आणि तोंडाशी अडतात. आदल्या संध्याकाळी दिव्याखाली पसरून ठेवावेत. (पापडावरून सुचलं. आईनं.)' 'पूर्वेची खिडकी: चैत्र-वैशाखात दुपारी लावावी. मिरची कुटतात. ब्रशावर पूड बसते. (गंगुबाईनं सांगितलं.)' प्रत्येक टिपेच्या शेवटी असा कंस. मी एकदा त्याला म्हटलं, हे कशाला लिहीत बसतोस, कृती लिही आणि सोड. तो म्हणाला, "नायतर मला वाटायला लागेल, सगळं माझ्याच डोक्यातून निघालं." गंगुबाईंना वाचता येत नसे, पण आपलं नाव कुठं लिहिलंय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. केर काढताना त्या वही उघडून त्या ओळीवर बोट ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हे मी हां, दत्ता. पुसू नको मेल्या."

छप्पन्नच्या जानेवारीत आम्ही तिघं त्या खोलीत दीड दिवस अडकून पडलो. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं दिल्लीनं ठरवलं होतं आणि लालबाग-परळ रस्त्यावर उतरलं होतं. सकाळी आम्ही कामावर आलो आणि अकराला संचारबंदी लागली. खाली घोषणा, मग पळापळ, मग एक आवाज, मग फार वेळ काहीच नाही. अश्रुधूर खिडकीच्या फटीतून आत आला, तेव्हा गंगुबाई डोळे पुसत म्हणाल्या, "ह्याच्यापेक्षा मिरची बरी." आम्ही हसलो. आता आठवून त्या हसण्याची लाज वाटत नाही. दुसऱ्या आवाजाला दत्ताराम दचकला आणि त्याच्या हातातलं तबक पडलं. तीन हजार पत्ते, एका गिरणीचे, नंबरवार लावलेले, सगळ्या खोलीभर. पत्ते लावायचं यंत्र होतं, पण वीज गेलेली. आम्ही तिघं जमिनीवर बसलो आणि हातानं लावू लागलो. गंगुबाईंना आकडे येत नव्हते, त्या भोकांची नक्षी बघून सारखे सारखे पत्ते वेगळे काढत होत्या आणि त्यांचं क्वचितच चुकत होतं. बाहेर माणसं पडत होती, आत आम्ही माणसांचे पत्ते लावत होतो. दत्ताराम मधेच एखादा पत्ता उजेडाला धरून म्हणायचा, "हा बाबुराव, आमच्या चाळीतला. हा असेल ना खाली?" मग तो पत्ता जागेवर ठेवायचा. उरलेला दिवस कसा गेला ते मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. भिजवलेले पोहे, गंगुबाईंच्या फडक्यातले. दत्तारामच्या मांडीवर वही. आणि सगळे पत्ते लागल्यावर गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलीनं मारलेली ती तिरकी रेघ, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. पुन्हा पत्ते विस्कटले तर रेघ जुळवत गेलं की क्रम आपोआप लागतो. इतकी साधी, इतकी शहाणी युक्ती मी दुसरी पाहिलेली नाही. ती दत्तारामची. माझ्या आठवणीत पेन्सिल त्याच्याच हातात आहे.

सत्तावन्नच्या सुरुवातीला फोर्टहून विचारणा झाली, यंत्रांच्या खोलीची काही लेखी माहिती आहे का. मी म्हटलं, देतो. दत्तारामकडे वही मागितली. तो ती द्यायला रविवारी स्वतः गिरगावात आमच्या घरी आला. त्याआधीच्या दसऱ्याला त्याच्या चाळीनं धम्म घेतला होता, डिसेंबरात तो तीन दिवस कामावर आला नव्हता आणि आला तेव्हा कुणाशी बोलला नव्हता. मी दारातच वही घेतली. आतून आईनं विचारलं, कोण आलंय? मी म्हटलं, ऑफिसचा माणूस. तो जिना उतरल्यावर आई बाहेर आली. "पाणी तरी विचारलंस का?" मी म्हटलं, घाईत होता. घाईत तो नव्हता. त्यानं जिन्यात एकदा मागं वळून पाहिलं होतं. मग आठ दिवस बसून मी वहीचं इंग्रजी केलं. इंग्रजीत मॅन्युअल म्हटलं की त्यात गंगुबाई, पापड, पहारेकरी कसे चालतील? लाल पेन्सिल घेतली आणि कंस छाटत गेलो. पहिले चार-पाच वाचले, मग वाचायचंही सोडलं. कंस दिसला की रेघ. खिडकीची टीप तर अख्खीच उडवली, मिरची वाचून फोर्टचे साहेब हसले असते. तिरक्या रेघेची टीप मात्र घोटून घोटून लिहिली. साहेबांनी नेमकी तीच वाचून समासात 'उत्तम' असा शेरा दिला, माझं अभिनंदन केलं, मी थँक्यू म्हणालो. महिन्याभरानं त्यांनी ठरवलं की आता सगळं लिहून झालेलं आहे, तेव्हा इंग्रजी वाचणारा कुणीही ही यंत्रं चालवील. दत्तारामला तिथून काढून कापडाच्या गोदामात टाकलं. मी एक शब्द बोललो असतो तर तो राहिला असता. बोललो नाही, कारण त्या शब्दाच्या पुढचा शब्द 'हे त्याचं आहे' असा होता. पंधरा दिवस तो गोदामात गेला आणि मग नोकरी सोडून रे रोडला लाकडाच्या वखारीत लागला. वही त्यानं परत मागितली नाही. मी दिली नाही. ती माझ्या कपाटात खालच्या खणात होती, तीन वर्षं.

त्या शुक्रवारी मी ती काढली. पुठ्ठ्यावर त्यानं स्वतःच्या हातानं घराचा पत्ता लिहिलेला होता. वही आणि प्रुफं बगलेत मारून मी चालत निघालो. लालबागच्या नाक्यावर तोरणं बांधत होते, मिठाईवाल्यानं दुकानासमोर मांडव घातला होता, अनोळखी लोक एकमेकांशी हसून बोलत होते. मला वाटलं, दत्तारामबरोबर हे बघायला हवं होतं. मग वाटलं, त्याला हे सांगायचा तरी मला काय अधिकार आहे. काळाचौकीच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्याची खोली होती. दारात त्याची आई जाईबाई सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी नाव सांगितलं. "या, बसा," म्हणाल्या, आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. त्यांनी आधी पाणी आणलं. मी ते पूर्ण प्यायलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि खाली फळीवर एक वही, पुन्हा लांबट, पुन्हा काळी. दत्ताराम सहाला आला, अंगावर लाकडाचा भुसा. कानशिलांवरचे केस पिकले होते. मला बघून तो थांबला, चप्पल काढली, हात-पाय धुतले आणि मग म्हणाला, "बोला, धैर्यवान." पूर्वी साहेब म्हणायचा.

मी वही पुढे केली. "तुमची आहे," मी म्हणालो. मी त्याला अहो म्हटल्याचं त्याच्या लक्षात आलं. मग मी प्रुफांचं सांगितलं, सहीचं, अहमदाबादचं. "खिडकीची टीप मी गाळली होती. आज तीन दिवस मोजणी चुकत होती."

"माणसं कमी भरली असतील."

"वीस-पंचवीस."

"मग त्यांचं काय केलंत?"

"परत मोजली. पोचली सगळी."

त्यानं मान हलवली आणि वही उघडली. पानापानावर माझी लाल पेन्सिल. तो एकेका पानावर थांबत होता, आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. जाईबाई दारातून म्हणाल्या, "माझा पापड खोडला काय रे ह्यांनी?" त्याच्याकडून त्यांनी सगळं ऐकलेलं होतं तर. "खोडला, आये," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, किंवा असेल तर तो फार जुना झाला होता. शेवटी मी म्हटलं, "सगळ्यात वाईट मला त्या तिरक्या रेघेचं वाटतं. ती तुमची. आणि तिच्यावर मला उत्तमचा शेरा मिळाला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग भराभर पानं उलटून एका पानावर थांबला आणि वही माझ्यासमोर सरकवली. "हे वाचा. मोठ्यानं वाचा, आयेला ऐकू जाऊ दे."

मी वाचलं. 'पत्ते पडले तर घाबरू नये. गठ्ठा लागला की आधीच कडेवरून तिरकी रेघ मारून ठेवावी. मग कितीही विस्कटले तरी रेघ जुळवावी, क्रम लागतो.' त्यापुढे माझी लाल रेघ होती, जाड, घाईची, आणि तिच्याखालून अक्षरं दिसत होती. 'श्यामकांत साहेबांनी दाखवलं. त्यांच्या आईची पोथी.'

मला क्षणभर काही कळेना. आणि मग सगळं एकदम आलं. गिरगावातली आमची पुढची खोली, श्रावण, आईच्या मांडीवर सुट्या पानांची पोथी. वाऱ्यानं पानं उडायची आणि मी ती गोळा करायला पलंगाखाली शिरायचो. एकदा तिनं पानं नीट रचली, बोट कुंकवात बुडवलं आणि कडेवरून तिरकं ओढलं. "आता उडू देत," म्हणाली. त्या संचारबंदीच्या दिवशी पेन्सिल माझ्याच हातात होती. हे मी दत्तारामला सांगितलं होतं, त्यानं लिहून ठेवलं होतं, आणि पुढल्या वर्षी मी पलीकडच्या खोलीत बसून ते खोडलं होतं. आई तेव्हा स्वयंपाकघरात होती, चहा देऊ का म्हणून विचारत होती. पुढल्याच वर्षी ती गेली. दुसऱ्यांची नावं मी समजून-उमजून गाळली. तिचं मी न वाचता गाळलं. मला रडू आलं, आणि दुसऱ्याच्या घरी ते आवरावं असंही वाटलं नाही.

दत्तारामनं मला रडू दिलं. मग म्हणाला, "पोथी काय मी वाचणार नाय. पण रेघ खरी आहे. खरं ते लिहिलं." प्रुफांच्या गठ्ठ्याकडे बोट करून त्यानं विचारलं, "इंग्रजीत कंस असतात ना?"

"असतात."

"मग घाला की."

आम्ही प्रुफं जमिनीवर पसरली, जसे पूर्वी पत्ते पसरले होते तशी. तो वहीतून वाचत गेला, मी समासात लिहीत गेलो. गणपत. जाईबाई, पापडासकट. खिडकीची टीप पुरती लिहिली, मिरचीसाठी इंग्रजी शब्द लिहिला, कंसात गंगुबाई. रेघेच्या टिपेशी आलो तेव्हा त्यानं मला थांबवलं. "आई काय लिहिताय? नाव नाय का त्यांना?" मी लिहिलं, यशोदा. तिचं नाव याआधी मी एकदाच लिहिलं होतं, स्मशानाच्या नोंदीत. सगळ्यात शेवटी पहिलं पान घेतलं. 'लेखक' पुढचं माझं नाव लाल पेन्सिलीनं खोडलं आणि लिहिलं, दत्ताराम सोनू गमरे. त्याखाली बारीक अक्षरात, इंग्रजी भाषांतर, आणि तिथं मी. "फोर्टवाले हे छापतील?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही, बहुतेक मला बोलावून घेतील. "मग?" "मग सांगेन." बढती जाईल, कदाचित अहमदाबादची खोलीही जाईल, हे त्यालाही दिसत होतं. मला त्याक्षणी त्याचं काही वाटत नव्हतं.

बाहेर कुणीतरी तोरणाचे दिवे लावून बघत होतं, लागत होते, जात होते. जाईबाईंनी चहा दिला. मी निघालो तेव्हा दत्तारामनं प्रुफांची पानं गोळा केली, जमिनीवर ठोकून चारी बाजूंनी सरळ केली. मी सुतळी शोधत होतो. त्यानं माझ्या हातातली लाल पेन्सिल काढून घेतली, गठ्ठा गुडघ्यात धरला आणि कडेवरून, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, सावकाश तिरकी रेघ मारली.

"आता पडू देत," म्हणाला.